दाजींना लेन्स द्यायची का?

वैशाख शुद्ध चतुर्दशीला नरसिंहपुरात देवाचा जन्म होतो तो सूर्यास्ताला. धड दिवस नाही, धड रात्र नाही अशा वेळी खांबातून प्रकटलेला देव, तेव्हा जन्मोत्सवही त्याच वेळेचा. भाविकांची त्यात काही अडचण नाही. अडचण होते ती फोटो काढणाऱ्याची. बाहेर घाटावर अजून थोडा उजेड असतो, पण विंचूरकर सरदारांनी बांधलेल्या त्या दगडी देवळाच्या आतल्या बाजूला तो कधीच मावळलेला असतो. गर्दी हलती, हात वर गेलेले, गुलाल उडतोय, आणि कॅमेऱ्याबरोबर खोक्यात आलेली साधी लेन्स तिथे हात टेकते. मग आठवण होते कमी उजेडातही भागवणाऱ्या ‘दोन पॉइंट आठ’वाल्या लेन्सची. ती पंचक्रोशीत ज्या चार-दोघांकडे असते, त्यांचे फोन आठवडाभर आधीपासून वाजू लागतात.

आणि नेमका तोच महिना लग्नसराईचा. ज्याच्याकडे लेन्स आहे त्याच्या हातात स्वतःच्याच ऑर्डरी, आणि त्याच दिवसांत ती मागणारेही सगळ्यात जास्त. श्रावणात कुणी लेन्स मागत नाही. द्यायचं की नाही हा प्रश्न मनाच्या मोठेपणाचा आहे असं लांबून वाटतं. जवळ गेलं की कळतं, तो आधी पंचांगाचा आहे.

नरसिंहपूर हे पुणे जिल्ह्याचं पार शेवटचं टोक. नीरा इथे भीमेला मिळते, आणि नदी ओलांडली की माळशिरस नाहीतर माढा, म्हणजे सोलापूर जिल्हा. त्यामुळे इथल्या फोटोग्राफरचं घर एका जिल्ह्यात आणि ऑर्डरी दोन जिल्ह्यांत. इंदापूर, अकलूज, टेंभुर्णी हा त्याचा रोजचा फेरा. शिवाय हा देव अनेक घराण्यांचं कुलदैवत. लग्न लागलं की नवरा-नवरीला घेऊन मंडळी दर्शनाला येतात आणि संगमाच्या घाटाच्या पायऱ्यांवर फोटो काढतात. इतक्या फिरत्या कामात सामान एकाकडून दुसऱ्याकडे जाणारच. बॅटरी, चार्जर, ट्रिगर, छत्री, स्टँड हे तर कुणी मोजतही नाही. मोजलं जातं ते बॉडी आणि लेन्स मागितली की.

मागणाऱ्यांत सगळ्यात अवघड कोण? धंद्यातला माणूस नव्हे. त्याला किंमत ठाऊक असते, आणि उद्या आपल्यालाही त्याच्या दारात जायचंय हे दोघांनाही ठाऊक असतं. अवघड असतात ते दाजी. बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची आपल्याकडे सोय नाही. पाठोपाठ मामांचा मुलगा, गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष, आणि शाळेतला तो मित्र, ज्यानं यूट्यूबवर चार व्हिडिओ पाहून चॅनल काढलंय. सगळ्यांचं वाक्य एकच: “दादा, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

हा एक दिवस कसा असतो ते बघण्यासारखं आहे. लग्न एका दिवसाचं, पण हळद आदल्या दिवशी. मग रात्री वरात. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण, आणि घरचा कुळाचार असेल तर जागरण-गोंधळ. “आलोय तर तेवढंही उरकून घेतो.” पाचव्या दिवशी आपणच फोन करायचा, तोही आवाज जपून, कारण आपली वस्तू आपण मागितली तर कंजूष आपणच ठरतो.

यात वस्तूचं झिजणं कुणाच्या हिशेबात नसतं, कारण कॅमेरा झिजताना दिसत नाही. गाडीचा टायर दिसतो. कॅमेऱ्याच्या यांत्रिक शटरला मात्र आयुष्य असतं. साध्या बॉड्यांचं साधारण लाखभर क्लिकचं धरतात, वरच्या दर्जाच्या बॉड्यांचं त्याच्या काही पट. हल्ली एका लग्नात तीन-चार हजार फोटो सहज निघतात. म्हणजे लाखाच्या शटरमधले शेकडा तीन-चार दाजींच्या पुतण्याच्या लग्नात गेले. मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर ही झीज वाचते, पण मंडपातल्या एलईडी दिव्यांखाली त्यात पट्टे येतात, म्हणून लग्नवाले पुन्हा यांत्रिक शटरवरच जातात.

शटरपेक्षा मोठा वैरी हळद. पूर्वी पाटावर बसवून, आंब्याच्या पानानं अंगाला लावायची हळद आता उडवतात. पिवळे कपडे, पिवळी फुलं, वर फुलं फेकणारं यंत्र, आणि त्या सगळ्यात कोरड्या हळदीची मूठ थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं, कारण फोटो तसाच छान येतो. आता लग्नात वापरतात त्या चोवीस-सत्तरसारख्या झूम लेन्सचं नळकांडं बहुधा पुढे-मागे होतं. ते पुढे गेलं की आत हवा ओढली जाते, मागे आलं की बाहेर पडते. हवेबरोबर हळद आत जाते. बाहेर मात्र सगळी येत नाही. लेन्स परत येते तेव्हा वरून लख्ख असते, कारण घेणाऱ्यानं प्रामाणिकपणे रुमालानं पुसलेली असते. कोरड्या रुमालानं काचेवरची भुकटी पुसणं म्हणजे काचेच्या लेपावर ती घासणं, हे त्याच्या गावीही नसतं. झूमची रिंग हळूच फिरवली की बारीक करकर हाताला लागते. रबरी पकडीच्या खाचांत पिवळी रेघ राहिलेली असते, आणि ती पुढचे कित्येक महिने तिथेच राहते.

म्हणून जाणते लोक सामान परत आलं की चहा टाकायला सांगतात आणि तेवढ्यात आपलं काम उरकतात. लेन्सच्या मागून मोबाईलचा टॉर्च मारून पुढून बघायचं: बुरशीचे धागे, धूळ, ओरखडा, जे असेल ते दिसतं. मग लेन्सचं तोंड एफ बावीसपर्यंत बारीक करून, फोकस बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा नाहीतर आभाळाचा एक फोटो. सेन्सरवर कचरा असेल तर फोटोत करडे ठिपके उमटतात. कार्डाच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत का, बॅटरी फुगली आहे का, फ्लॅशचा पाय हलतो का. हे सगळं घेणाऱ्याच्या समोर करायचं. तो गेल्यावर सापडलेला ओरखडा कुणाचाच नसतो. खरं तर हीच तपासणी देतानाही त्याच्यासमोरच करायला हवी, आणि नव्वद टक्के भांडणांचं मूळ ती न करण्यात आहे असं माझं मत. नव्वद हा आकडा माझ्या चिडीचा आहे, मोजणीचा नाही.

जगातला सगळ्यात प्रसिद्ध उसना कॅमेरा अजून परत आलेला नाही. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत हॉवर्ड सॉमरव्हेल हे डॉक्टर शिखराच्या वाटेवरून जिवावर बेतून मागे फिरले. त्यानंतर जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्विन वर निघाले, तेव्हा सॉमरव्हेलनी आपला खिशात मावणारा कोडॅक मॅलरीला दिला. ८ जून १९२४ रोजी दोघं शेवटचे दिसले. १९९९ मध्ये मॅलरीचा देह सापडला. चष्मा, उंचीमापक, पत्रं सापडली, कॅमेरा नव्हता. २०२४ मध्ये हिमनदीवर अर्विनचा बूट आणि पाय सापडला, तेव्हाही कॅमेऱ्याचा पत्ता नाही. त्यातली फिल्म थंडीत टिकली असेल तर धुता येईल, आणि हिलरी-तेनसिंगच्या आधी एकोणतीस वर्षं कुणी शिखरावर पोहोचलं होतं का हे कळेल, असं जाणकार सांगत आले आहेत. सॉमरव्हेल पुढे आयुष्याची कितीतरी वर्षं दक्षिणेत, त्रावणकोरातल्या नेय्यूरच्या मिशन इस्पितळात शस्त्रक्रिया करत राहिले. एव्हरेस्टचं सगळं गूढ त्यांच्या एका ‘घेऊन जा’मध्ये अडकून पडलंय. मात्र त्या दिवशी त्यांनी ‘नाही’ म्हटलं असतं तर हे गूढसुद्धा उरलं नसतं, हेही खरं.

आपल्याकडे कॅमेरा हरवला की एव्हरेस्ट लागत नाही, बारामतीचं एसटी स्टँडही पुरतं. तेव्हा कायदा काय म्हणतो? पुष्कळांना वाटतं, लिहून दिलेलं नाही म्हणजे कायदा नाही. तसं नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात एक आख्खं प्रकरण यावर आहे. आपली वस्तू ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिली, काम झाल्यावर परत करायच्या बोलीनं, की तो निक्षेप. मग ती फुकट दिलेली असो की भाड्यानं. घेणाऱ्यानं ती स्वतःची असती तर एखाद्या शहाण्या माणसानं जशी जपली असती तशी जपायची, हे कलम १५१. तशी काळजी घेऊनही बिघडली, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो भरपाईला बांधील नाही, हे कलम १५२. इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. “तुझ्या हातात असताना पडली, भर पैसे,” हे आपल्याला सरळ वाटतं. कायद्याला तेवढं पुरत नाही. काहीही झालं तरी भरून देईन, असं आधी ठरवून घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी. व्हॉट्सॲपवर लिहिलेली एक ओळ इथे कामाला येते, म्हणून दाजींनाही एक मेसेज टाकावा, वाटल्यास हसरा चेहरा लावून.

माझं आवडतं कलम १५४. ठरलेल्या कामाबाहेर वस्तू वापरली आणि नुकसान झालं, तर घेणाऱ्यानं कितीही काळजी घेतली असली तरी भरपाई त्याच्याच माथी. कायद्यातच उदाहरण आहे ते घोड्याचं: एकानं दुसऱ्याला फक्त स्वतः बसण्यासाठी घोडा दिला, त्यानं घरातल्या तिसऱ्याला बसवलं. तिसरा जपूनच चालवत होता, तरी घोडा पडून जायबंदी झाला; भरपाई दुसऱ्यानं द्यायची. दुसरं उदाहरण असं की घोडा बनारसला जायचं सांगून भाड्यानं घेतला आणि कटकला नेला. घोड्याच्या जागी बॉडी ठेवा, बनारसच्या जागी अकलूजचं लग्न आणि कटकच्या जागी गोवा; दीडशे वर्षांत माणसं फारशी बदललेली नाहीत.

या प्रकरणात देणाऱ्याच्या बाजूचंही एक कलम आहे. १५९ नुसार फुकट दिलेली वस्तू देणारा केव्हाही परत मागू शकतो, मुदत ठरली असली तरी. फक्त त्या भरवशावर घेणाऱ्यानं काम अंगावर घेतलं असेल आणि मध्येच काढून घेतल्यानं त्याला मिळालेल्या फायद्यापेक्षा जास्त नुकसान होणार असेल, तर वरचा फरक देणाऱ्यानं भरायचा. म्हणजे आपल्या जिवावर दाजींनी तिसऱ्याच्या लग्नाची सुपारी घेतली असेल तर अक्षता पडायच्या आत लेन्स ओढून आणता येईल, पण फुकटात नाही. आणि मुद्दाम गिळंकृतच केली, परत द्यायचं नावच नाही, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताचं कलम ३१६ आहे. सख्ख्या दाजींवर ते कुणी लावत नाही. लावूही नये. पण दाजींच्या मित्राच्या मित्राकडे लेन्स गेली असेल तर ते माहीत असलेलं बरं.

आणखी एक गैरसमज जाता जाता. कॅमेरा माझा म्हणून फोटो माझे, असं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. आणि कुणी पैसे देऊन काढून घेतला असेल तर, वेगळं काही ठरलं नसल्यास, पहिला मालक तो पैसे देणारा. तेव्हा उसन्या कॅमेऱ्यावर काढलेल्या एखाद्या फोटोला बक्षीस मिळालं तर दाजी पेढे आणतील एवढीच आशा धरावी. मात्र कॅमेऱ्याच्या मेन्यूत मालकाचं नाव भरून ठेवायची सोय असते. प्रत्येक फोटोच्या पोटात ते उमटत जातं. वस्तू कुणाची होती याचा तो बिनबोभाट पुरावा.

लग्नाबाहेरची मागणी दोन ठिकाणी ओळखता येते. एक आषाढी वारी. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला येते आणि नीरेत पादुकांचं स्नान झालं की अकलूजकडे जाते. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण आणि बेलवाडीचं गोल रिंगण यांत धूळ, पाऊस आणि धावतं घोडं एका वेळी मिळतं, आणि सगळ्यांनाच लांबची लेन्स हवी असते. दुसरं ठिकाण भिगवण. उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगाव-डिकसळकडे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, आणि मासेमारीच्या होड्यांतून दहा लाखांच्या वरच्या लेन्स तरंगत असतात. तिथले लोक “घ्या, बघा जरा” म्हणून आपली लेन्स सहज दुसऱ्याच्या हातात देतात, हे बघून मी चकित व्हायचो. नीट पाहिलं तर लेन्स देताना पट्टा आधी घेणाऱ्याच्या गळ्यात जातो, आणि मालक त्याच होडीत हातभर अंतरावर बसलेला असतो.

ड्रोनचं मात्र वेगळं. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नोंदणी क्रमांक मालकाच्या नावावर असतो. अडीचशे ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि कुठे उडवता येतो याचा सरकारी नकाशा आहे. बारामतीला विमानतळ आहे हे विसरून चालत नाही. लेन्स पडली तर लेन्स फुटते, ड्रोन मंडपावर पडला तर माणसं फुटतात. ड्रोन द्यायचा नाही. यात चर्चा नाही.

बाकीच्या सामानाबद्दल मी देण्याच्या बाजूचा आहे, कारण न देण्यानं काय होतं तेही इतिहासात आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन आले. ज्यांना तेही शक्य नव्हतं त्यांतल्या बाबुराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं कोल्हापुरातच कॅमेरा घडवला, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. दुसऱ्या टोकाला जर्मनीचे वर्नर हर्झोग: म्युनिकच्या फिल्म शाळेतून त्यांनी कॅमेरा सरळ उचलला, हे तेच सांगतात. आपल्या भागातला होतकरू मुलगा कॅमेरा घडवूही शकत नाही आणि त्यानं उचलावा असंही आपल्याला वाटत नाही. मग तिसरा रस्ता उसनवारीचाच. आज इंदापूर-अकलूजला स्वतःचा स्टुडिओ असलेला कुठलाही माणूस घ्या, त्यानं पहिला फोटो दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर काढलेला असतो.

प्रश्न उरतो कसं द्यायचं याचा, आणि त्याचं उत्तर इथल्या रानात जुनंच आहे. एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करायचे: आज माझ्या रानात दोघांचे बैल, उद्या तुझ्या. त्यात उपकार नव्हता आणि भाडंही नव्हतं. बैलाबरोबर मालक यायचा, कारण त्या बैलाला कुठे थांबवायचं ते त्यालाच कळायचं. आता ट्रॅक्टर आले, तरी भाड्याचा ट्रॅक्टर ड्रायव्हरसकटच येतो. मुंबईच्या सिनेमावाल्यांनीही तेच केलंय. मोठा कॅमेरा भाड्यानं घेतला की त्याच्याबरोबर कंपनीचा कॅमेरा अटेंडंट येतो. लेन्स तोच लावतो, तोच काढतो, रात्री पेटी तोच बंद करतो. निर्मात्यावर अविश्वास म्हणून तो येत नाही. त्या पेटीची जबाबदारी एका माणसाच्या अंगावर असावी म्हणून येतो.

इथल्या फोटोग्राफर पोरांनी ही सावड न बोलता सुरू केलीच आहे. एकाकडे गिम्बल, दुसऱ्याकडे सत्तर-दोनशेची लेन्स, तिसऱ्याकडे दिवे. एकाच्या ऑर्डरीला तिघं जातात, दुसऱ्याच्या ऑर्डरीलाही तिघंच. सामान ज्याचं त्याच्याच खांद्यावर. तारीख एकच आली की सावड मोडते, आणि वैशाखात तारखा एकच येतात. तिथे मग खरं भाडं सुरू होतं: आधार कार्डाची झेरॉक्स, डिपॉझिट, सिरियल नंबरसकट फोटो. भाड्याला नाक मुरडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. फुकट दिलं तर वस्तूतला जो दोष तुम्हाला ठाऊक होता आणि लपवलात, त्याचेच तुम्ही जबाबदार. भाड्यानं दिलं तर ठाऊक नसलेल्या दोषाचेही. म्हणजे भाडं घेणारा जास्त बांधला जातो. आणि भाडं सुरू केल्यावर आपला विमा चालू राहतो का, हे पॉलिसी काढून वाचावं. एजंटच्या “होईल हो सगळं” वर जाऊ नये.

दाजींसाठी मला पटलेली सोय त्याहून साधी आहे, आणि अनेक स्टुडिओंत ती आहेच: एक बॉडी आणि एक साधी लेन्स खास देण्यासाठी ठेवायची. जुनी, हप्ते फिटलेली, दोन-तीन सराया मारलेली. ती पडली तर वाईट वाटेल, पण धंदा थांबणार नाही. पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला महिनाभर पडून राहिली तरी अक्षता अडत नाहीत. शिकाऊ पोरगं असो, मंडळ असो की दाजी, मागितली की हसत द्यायची, डिपॉझिट नाही, भाडं नाही. आत स्वतःची घरची कार्डं राहिलेली नाहीत ना तेवढं बघायचं, आणि परत आल्यावर त्यांच्या घरच्या बायका-मुलींचे फोटो त्यांना देऊन कार्ड कोरं करायचं. चांगली दोन पॉइंट आठची लेन्स हवी असेल तर मात्र ऑपरेटरसकट, आणि तो ऑपरेटर म्हणजे आपण. दाजींच्या घरचं लग्न, जेवण तर आहेच.

फक्त त्या जुन्या बॉडीच्या फ्लॅशचा पाय सैल आहे आणि पावसाळ्यात ती कधी कधी कार्ड ओळखत नाही, हे देतानाच सांगून टाकायचं. कलम १५०.